सीजीएचएस कार्डावर आईचं नाव चढवताना

मी केंद्र सरकारी नोकरीत, पुण्यात. सीजीएचएस म्हणजे केंद्र सरकारची आरोग्य योजना; तिच्या कार्डावर आईचं नाव हवं होतं. आईचं मूळ कुटुंब निवृत्तिवेतन 9,000, वर महागाई दिलासा. हातात पडणारी एकूण रक्कम बघून आस्थापना शाखेने तिला अवलंबित मानायला नकार दिला. वाईट वाटलं, कारण नियम तसा नाहीच. उत्पन्नाची मर्यादा 9,000 अधिक त्यावरचा महागाई दिलासा अशी आहे.

बँकेकडून मूळ रक्कम आणि दिलासा वेगळा दाखवणारी निवृत्तिवेतनाची स्लिप घेतली, सरकारी आदेशातलं या मर्यादेचं वाक्य अधोरेखित करून अर्जाला जोडलं. भाडं, व्याजही उत्पन्नात धरतात. आईला ते नाही, तसं घोषणापत्र दिलं. ती माझ्याकडेच राहते, म्हणून आधारवर इथला पत्ता घातला. नाव मंजूर झालं.

महिला कर्मचाऱ्यांना आईवडील किंवा सासूसासरे, यांतला एकच पर्याय निवडता येतो.