सिरीयलसाठी ऑडिशन पाठवून राहिले? मग या चुका टाळा

कास्टिंगचा मेसेज ग्रुपवर पडला की वडसा, लाखांदूर, ब्रह्मपुरीकडचे पोट्टे मले व्हिडिओ पाठवतात, "दादा, पाहून सांगा ना." पाहतो. पण चुका त्याच त्याच, म्हणून आता एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे "मी हिरोच करीन". अरे बावा, ज्या रोलनं माणूस घराघरात पोचला तो रोल बरेचदा त्याच्या डोक्यातही नव्हता. १९८७ च्या 'रामायण'साठी अरविंद त्रिवेदी केवटाचा रोल मागायला गेले होते, रामानंद सागरांनी रावण दिला. अरुण गोविल रामासाठीच गेले, तर पहिल्या स्क्रीन टेस्टमध्ये नापास. 'महाभारत'मध्ये आपल्या नितीश भारद्वाजांना आधी विदुर ठरला होता, वय कमी पडलं म्हणून गेला, कृष्ण नंतर आला. पुनीत इस्सरनी अडून रोल मागितला हे खरं, पण मिळत असलेला भीम सोडून त्यांनी काय मागितलं? दुर्योधन! आणि अमेरिकेतल्या 'ब्रेकिंग बॅड' सिरीयलच्या वेळी मेन रोलसाठी ब्रायन क्रॅन्स्टन कॉमेडीवाला म्हणून चॅनलवाले काचकूच करत होते, तेव्हा सिरीयल बनवणाऱ्या विन्स गिलिगननं त्याचा 'एक्स-फाइल्स' या दुसऱ्या सिरीयलमधला जुना एपिसोड दाखवला अन् काम झालं. म्हणून तलाठी, पोलीस, शेजारी, काहीही आलं तर करा आणि त्याची क्लिप सांभाळून ठेवा. मी तर माझ्या जवळच्या पोट्ट्यांच्या क्लिपा पेन ड्राइव्हमध्येही टाकून ठेवतो.

दुसरी चूक झाडीपट्टीवाल्यांची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात गावोगावी मंडपात नाटकं करणाऱ्यांची खास. आमच्याकडचा एक पोट्टा, दिवाळीनंतर सीझन सुरू झाला की रात्र रात्र व्हिलन करतो, आवाज मंडपाच्या शेवटच्या माणसापर्यंत. त्याले डायलॉग आला, "साहेब, सातबारा उद्या देतो." एवढाच! पठ्ठ्यानं असा गर्जून म्हटला की मोबाईलचा माइक फुटला, वरून भुवया, हातवारे, गरगर फिरणं. मी म्हटलं पुन्हा कर, तर म्हणे दादा, पब्लिकले असंच आवडते. अबे, इथं पब्लिक कुठाय, फोन तोंडापासून चार हातावर आहे! मग त्याले सांगितलं, घरचे झोपल्यावर त्याच खोलीत प्रॅक्टिस कर, कोणी जागं झालं तर टेक बाद. तिसऱ्या दिवशी कसा छान बोलला.

बाकीच्या बारक्या गोष्टी. फोन आडवा धरा. खिडकी पाठीमागे नको, तोंडासमोर पाहिजे. समोरचे डायलॉग वाचणारा कॅमेऱ्याच्या बाजूले बसवा, अन् त्याले हळू वाचायले सांगा, नाहीतर त्याचंच ऑडिशन होते. सुरुवातीले नाव, वय, उंची, गाव सांगा, दोन्ही बाजूंचा चेहरा दाखवा. फिल्टर लावू नका, ब्युटी मोड बंद. कोण्या स्टारची नक्कल तर बिलकुल नको, तो स्टार आहे ना त्यांच्याकडे!

व्हॉट्सअपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून टाका, नाहीतर व्हिडिओची क्वालिटी पडते.

आणि "रोल फिक्स आहे, रजिस्ट्रेशनचे पैसे टाका" असा फोन आला की कट करा. घाईवाले पोट्टे इथंच फसतात, कारण त्याईले ऑडिशनच द्यायचं नसते, डायरेक्ट शूटिंगलेच जायचं असते.