सोलापूरहून कळसूबाई: दोन रात्री रेल्वेत, एक तंबूत

शनिवार-रविवारच्या ट्रेकचं सोलापूरकरांचं गणित अंतरापाशी अडतं. पुण्या-नाशिकची मंडळी पहाटे उठून डोंगराच्या पायथ्याला पोहोचतात. आपल्याला तिथवर जायलाच चारशे किलोमीटरच्या आसपास पडतात. टेंभुर्णी, करमाळा, अहिल्यानगर, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता, आठ-नऊ तासांचा. शुक्रवारी रात्री जेवून गाडी काढायची, सकाळी थेट चढायला लागायचं आणि रविवारी दुपारी पुन्हा स्टिअरिंग धरायचं, हा बेत बोलताना छान वाटतो. त्यात गाडी चालवणारा झोपणार कधी, हे मात्र कुणी विचारत नाही. चढताना कुणी पेंगत नाही. पेंग येते ती परतीला, करमाळ्याच्या पुढच्या सरळ रस्त्यावर.

म्हणून प्रवासाच्या दोन्ही रात्री रेल्वेत झोपून काढायच्या. सिद्धेश्वर एक्सप्रेस सोलापूरहून रात्री साडेदहाच्या आसपास निघते आणि पहाटे पाचच्या सुमारास कल्याणला येते. तिथून कसारा लोकल, कसाऱ्याहून जीप करून घाटमार्गे इगतपुरी, घोटी आणि बारी. कळसूबाईच्या पायथ्याचं हे गाव घोटी-भंडारदरा रस्त्यावर आहे. परतीलाही तीच गाडी, कल्याणहून रात्री साडेअकराच्या आसपास, म्हणजे सोमवारी सकाळी सोलापूर. वेळापत्रक बदलत असतं, तिकीट काढताना पुन्हा बघा. ही गाडी कायम भरलेली असते. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं आणि लागून सुट्टी असेल तर पहिल्या दिवसापासूनच घाई करावी लागते. जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही तिकिटं कन्फर्म झाल्याशिवाय बाकी कशालाही हात लावू नका. वेटिंगवर भरवसा ठेवून सहा जणांची जीप ठरवणं म्हणजे आधीच भांडणाची तयारी.

कल्याणला दोन गोष्टी चुकतात. एक, सिद्धेश्वर तिथे संपत नाही. गजर लावला नाही तर जाग येते ती दादरला. दोन, कल्याणच्या पुढे लोकलच्या दोन वाटा फुटतात, कर्जत आणि कसारा. अंधारात, झोपेत, पाठीवर सॅक घेऊन समोर आलेल्या लोकलमध्ये चढलं की माणूस थेट बदलापूरकडे निघतो. शिवाय टिटवाळा किंवा आसनगावची लोकल बरोबर बाजूला जाते, पण कसाऱ्यापर्यंत जात नाही. इंडिकेटरवर ‘कसारा’ हेच नाव वाचून चढा. लोकलचं तिकीट वेगळं काढावं लागतं. रांगेचा वेळ वाचवायचा असेल तर मोबाइलवर काढा.

कसारा ते बारी साधारण पन्नास किलोमीटर. स्टेशनबाहेर जीप उभ्या असतात, पण त्यातल्या बऱ्याच नाशिककडे सीटप्रमाणे माणसं भरतात. बारीपर्यंतची जीप आधी फोनवर ठरवलेली बरी. ठरवताना तीन गोष्टी स्पष्ट बोलून घ्या: भाडं पूर्ण गाडीचं की माणशी, रविवारी न्यायला तीच गाडी किती वाजता येणार, आणि वाटेत घोटीला चहा-भाजीसाठी अर्धा तास थांबणार का. जीप मिळालीच नाही तर घोटी गाठा. तिथून भंडारदरा-राजूरकडे जाणारी एसटी बारीवरूनच जाते.

आता रेल्वेमुळे सामानावर जी बंधनं येतात ती. गॅस सिलेंडर, ब्युटेनचे छोटे डबे, रॉकेल, स्पिरिट यांतलं काहीही रेल्वेने नेता येत नाही, ते गुन्ह्यात मोडतं. आणि पायथ्याला सरपण गोळा करून चूल मांडावी म्हटलं तर हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे; लाकूड तोडणं, जाळ करणं बंद. मग स्वयंपाक स्वतः करायचाच नाही. बारीत घरगुती जेवण मिळतं. दोन दिवस आधी माणसं किती आणि जेवणाची वेळ कोणती ते सांगा. पिठलं, भाकरी, भात, ठेचा. अंगणात किंवा घरामागच्या खाचरात तंबू लावायची जागा, पाणी आणि संडासची सोयही त्याच घरी बोलून घ्यायची आणि तिचे पैसे वेगळे द्यायचे. स्टोव्ह, भांडी, शिधा इतकं ओझं गेलं की माणशी सॅक आठ-नऊ किलोत बसते.

तंबूच्या पिशवीवर ‘तीन जणांचा’ लिहिलेलं असेल तर त्यात दोन माणसं आणि दोन सॅक राहतात. तिसरा माणूस घातला की त्याची पाठ कापडाला टेकते आणि पहाटे तो भिजून उठतो. तंबू गळत नसतो; श्वासातली वाफ गार कापडावर जमून पाणी होते. म्हणून थंडी वाजते म्हणून सगळ्या खिडक्या बंद करू नका, वरचा झरोका उघडा ठेवा आणि बाहेरचं आवरण इतकं ताणा की ते आतल्या कापडाला चिकटणार नाही. खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी दोन-तीन बोटं आतच राहायला हवी. ती बाहेर राहिली की दव तिच्यावर गोळा होऊन बरोबर तुमच्या पाठीखाली येतं. हे इतकं साधं आहे, तरी दहातले आठ तंबू उलटेच लावलेले दिसतात.

बारीच्या बाजूची जमीन मुरमाड. तंबूबरोबर येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या तिच्यात वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातून सहा इंची खिळे घ्या, तंबूमागे दहा. खिळ्याचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं ठेवून तिरका ठोका. जमीन दादच देत नसेल तर दोरी मोठ्या दगडाला बांधून तिच्यावर दुसरा दगड ठेवा. जागा निवडताना ओढ्याचं पात्र, वाळलेल्या फांदीखालची जागा आणि गवताचा माजलेला बांध टाळा. फुरसं, घोणस, मण्यार तिन्ही साप या भागात आहेत आणि मण्यार रात्री अंथरुणात शिरते. तंबूची चेन रात्रभर पूर्ण बंद, बूट आत, आणि सकाळी बूट झटकूनच पाय घालायचा.

थंडीचा अंदाज सोलापूरच्या माणसाचा हमखास चुकतो. डिसेंबर-जानेवारीत बारीत पहाटे चांगलीच हुडहुडी भरते आणि माथ्यावर वारा असतो. स्लीपिंग बॅग भाड्याने घेताना ती किती अंशापर्यंत चालते ते विचारा. पाच अंशांची असेल तर पुरते. अंगाखाली फोमची चटई हवीच, कारण निम्मी थंडी जमिनीतून येते. सोलापुरी चादर न्यावी का? गाडीने जात असाल तर जरूर, चटईवर अंथरायला तिच्यासारखी दुसरी नाही. पाठीवर न्यायची असेल तर नको. सुती असल्याने ती दव पिते आणि जड होते.

खाण्याच्या बाबतीत मात्र आपल्याला घरचाच फायदा आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. दोन्ही आठवडाभर सहज टिकतात, शिजवावं लागत नाही आणि पोटाला आधार होतो. सहा जणांना दोन दिवसांसाठी चोवीस-पंचवीस भाकरी आणि पाव किलोपेक्षा थोडी जास्त चटणी पुरते, कारण रात्रीचं जेवण गावात आहे. भाकरी पिशवीत टाकली तर कल्याणला पोहोचेपर्यंत चुरा होतो. स्टीलच्या सरळ उभ्या डब्यात, मध्ये कागद घालून रचा. चुरा झालाच तर गावातल्या गरम आमटीत कुस्करायचा, बिघडत काहीच नाही. चढताना मात्र चटणी बेताने: तिखट-मिठाने तहान वाढते आणि रिकाम्या पोटी पहाटे जळजळ होते. वाटेत खायला गूळ, भाजलेले शेंगदाणे आणि खजूर माणशी दीडशे ग्रॅम घ्या.

पाणी थंडीत माणशी तीन लिटर, ऑक्टोबरच्या उन्हात चार. ते एकाच मोठ्या बाटलीत नको, एक फुटली तर सगळं गेलं. माथ्याखाली विहीर आहे, पण उन्हाळ्याकडे तिचा भरवसा राहत नाही, आणि वाटेवरच्या टपऱ्यांत लिंबूपाणी मिळतं म्हणून पाणी कमी घेणं हा शहाणपणा नाही. पहाटे चारला टपरी उघडी नसते. ओआरएसची पुडी एक लिटरची असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. अर्ध्या बाटलीत ओतलेलं दाट ओआरएस उलट त्रास देतं. पुडी संपली तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

शनिवारी साडेनऊ-दहाला बारीत पोहोचलात की लगेच चढू नका. उन्हात चढून अंधारात उतरण्यापेक्षा तंबू लावा, जेवा, दोन तास झोपा. दुपारी जीपवाल्याला सांगून रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर बघून या. भंडारदरा धरणाच्या काठाकाठाने रस्ता जातो. सांदण दरीही याच बाजूला आहे, पण तिच्यात उतरून दगडांवरून चालणं म्हणजे गुडघ्यांचा निम्मा दम शनिवारीच संपवणं. ती वेगळ्या खेपेसाठी ठेवा. संध्याकाळी उजेडात गावामागची वाट पंधरा-वीस मिनिटं चालून बघा. पहाटे टॉर्चच्या उजेडात बांधांवरून चुकायला होतं ते याच पहिल्या टप्प्यात. रात्री साडेआठला झोप.

रविवारी साडेतीनला उठून चारला निघा. शिखर १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच. बारीपासून चढ साधारण ८५० ते ९०० मीटरचा. सवयीच्या गटाला तीन तास लागतात. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे वेळ बरोबर जमतो. पुढे वाट माहीत असलेला एक, सगळ्यांत मागे दमाचा एक, आणि मागच्याच्या पुढे कुणीही थांबलं की सगळ्यांनी थांबायचं. डोक्याला बांधायची टॉर्च प्रत्येकाला हवी. मोबाइलची टॉर्च चालत नाही, कारण शिड्यांवर दोन्ही हात मोकळे लागतात.

लोखंडी शिड्या वाटेत तीन-चार ठिकाणी आहेत. पहाटे दवाने पायऱ्या ओल्या असतात, बुटाचा तळ गुळगुळीत झाला असेल तर तिथेच कळतं. काठ्या मिटून सॅकला बांधा, कमरेचा पट्टा आवळा, पुढच्या माणसात आणि तुमच्यात चार-पाच पायऱ्यांचं अंतर ठेवा. उतरताना तोंड शिडीकडे. सुट्टीच्या दिवशी वर जाणारे आणि खाली येणारे एकाच शिडीपाशी भिडतात. फोटोसाठी शिडीवर थांबणाऱ्याला हटकायला लाजू नका. माथ्यावर कळसूबाईचं छोटं मंदिर आहे. हवा स्वच्छ असेल तर अलंग, मदन, कुलंग ओळीत दिसतात आणि खाली भंडारदऱ्याचं पाणी. घामाने भिजलेला टीशर्ट वर पोहोचताच बदला, नाहीतर वाऱ्यात दहा मिनिटांत दात वाजतात. खाण्याची पिशवी उघडी ठेवू नका, माकडं तरबेज आहेत.

अर्ध्या-पाऊण तासात उतरायला लागा, दहापर्यंत खाली. आंघोळ, जेवण, झोप, आणि तीनला जीप. कल्याणची गाडी रात्री उशिरा आहे, मग तीनलाच का निघायचं? घोटीला ट्रॅफिक, कसारा घाटात एखादा ट्रक बंद पडलेला, लोकल रद्द, यांतलं एक तरी घडतंच. हातात राखीव चार तास असले की त्यातलं काहीही झालं तरी सिद्धेश्वर चुकत नाही. सगळं वेळेवर झालं तर कल्याणला निवांत जेवा.

गाडीनेच जायचं असेल तर पगारी ड्रायव्हर घ्या, तुम्ही चढत असताना तो झोपेल. शुक्रवारी दुपारी निघून संगमनेरला मुक्काम करा आणि रविवारी बारा वाजता बारी सोडा. गाडीतलं सामान जास्त असल्यामुळे बेत वाढवू नका, शिखर एकच.

तयारी महिनाभर आधीपासून. सोलापुरात चढ नाही, पण जिने आहेत. पाठीवर सहा किलो घेऊन चार मजली इमारत दहा वेळा वर-खाली, आठवड्यातून तीनदा. उतरणंही मोजा, लिफ्टने खाली येऊ नका, कारण मांड्या आणि गुडघे उतरतानाच बोलतात. नवे बूट असतील तर याच जिन्यांवर घालून मुरवा.

बारीच्या आसपास नेटवर्क लहरी आहे, यूपीआयवर विसंबू नका. सुट्ट्या नोटा जवळ ठेवा. घरी एका माणसाकडे तुमच्या बेताचा कागद द्या: गाव, मुक्कामाचं घर, जीपवाल्याचा नंबर आणि रविवारी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची ती वेळ. साप चावला तर चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही. तो अवयव हलणार नाही असा लाकडाच्या पट्टीला बांधून माणसाला न चालवता सरकारी रुग्णालयात न्यायचं आणि १०८ला फोन करायचा. जवळचं कोणतं, तिथे सापाची लस आहे का, हे शनिवारीच गावात विचारून ठेवा.

पावसाळ्यात हा बेत करू नका. चढ तेव्हा होतो, पण तंबू म्हणजे चिखलातली शिक्षा आणि शिड्यांपाशी तासभर रांग. ऑक्टोबरचा मध्य ते फेब्रुवारी, एवढाच काळ तंबूचा.

सोमवारी सकाळी घरी आल्यावर कितीही दमलेले असाल तरी तंबू पिशवीतून काढून गच्चीवर पसरा. दवाने ओला गुंडाळलेला असतो, तसाच माळ्यावर गेला तर आठवड्यात बुरशीचा वास धरतो आणि आतला लेप सुटायला लागतो. सकाळचं कोवळं ऊन दोन तास पुरे; दुपारपर्यंत विसरलात तर सोलापूरचं ऊन कापड जाळतं.