मोठे टायर आणि क्राउन-पिनियनची निवड
तोरणमाळच्या घाटासाठी किंवा तापीच्या वाळूसाठी गाडीला मोठे टायर बसवले, की ओढ टिकवायला डिफरन्शियलचा रेशो, म्हणजे ॲक्सलमधल्या क्राउन या मोठ्या दातेरी चक्राच्या आणि त्याला फिरवणाऱ्या पिनियन या छोट्या चक्राच्या दातांचे गुणोत्तर, वाढवावा लागतो. मात्र क्राउनचा व्यास तोच राहत असल्याने रेशो जितका मोठा, तितका पिनियन बारीक होतो. ४१ व १० दातांच्या जोडीचा रेशो ४.१० येतो, तर ४३ व ८ दातांच्या जोडीचा सुमारे ५.३८, आणि मोकळे फिरणारे चाक दगडावर एकदम पकड घेते, तेव्हा आधी दगावतो तो बहुधा हाच बारीक पिनियन. म्हणून टायरचा व्यास वाढला असेल तेवढ्याच प्रमाणात रेशो वाढवावा आणि उरलेली ओढ ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या, लो गिअरमधून घ्यावी (चाकापर्यंत ताकद नेणाऱ्या ॲक्सल शाफ्टवरचा ताण त्याने कमी होत नाही, हे वेगळे). फोर-बाय-फोरमध्ये पुढचा आणि मागचा रेशो एकत्रच बदलावा.