न्यूमोनियाचं अँटिबायोटिक बदलण्याआधी या चुका टाळा

"दोन दिवस झाले, ताप हटत नाही. आता जरा भारी औषध द्या ना डॉक्टर." पेशंटजवळ रात्रभर जागलेल्या माणसाच्या तोंडून हे येणारच, त्यात त्याचा दोष नाही. पण बॅक्टेरियल न्यूमोनियाच्या उपचारात घात होतो तो बहुतेक वेळा याच पहिल्या तीन दिवसांच्या घाईत. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ साली जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे, आणि त्यांत फुप्फुसांच्या संसर्गाचा वाटा मोठा होता.

बेडक्याऐवजी थुंकी देणं

तपासणीसाठी बेडका मागितला की डबीत अनेकदा पाण्यासारखी, फेसाळ थुंकी येते. मायक्रोस्कोपखाली तिच्यात तोंडाच्या आतल्या अस्तराच्या मोठ्या, चपट्या पेशी पसरलेल्या दिसतात, पू सांगणाऱ्या पांढऱ्या पेशी मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. अशा नमुन्याचं कल्चर केलं, म्हणजे त्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहिले, तर तोंडात एरवीही असणारे जंतू वाढतात आणि उपचार भलत्याच जंतूवर सुरू होतो. म्हणून चांगली लॅब हा नमुना परत पाठवते. तेव्हा चिडू नका.

आधी साध्या पाण्याने चूळ भरा, दोन-तीन खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून घट्ट, पिवळट-हिरवट किंवा गंजाच्या रंगाचा बेडका डबीत घ्या. तो शक्यतो दोन तासांत लॅबमध्ये पोहोचवा. नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधीच घ्यावा, नंतर जंतू सापडणं अवघड होतं. पेशंट गंभीर असेल तर मात्र नमुन्यासाठी औषध अडवून ठेवायचं नाही. आजार सौम्य असेल आणि घरीच उपचार चालू असतील तर बहुधा कल्चरची गरजही पडत नाही.

दुसऱ्याच दिवशी औषध बदलणं

योग्य औषधालाही गुण दाखवायला साधारण ४८ ते ७२ तास लागतात. तोवर नुसत्या थर्मामीटरकडे बघत बसू नका. पेशंट शांत पडलेला असताना पूर्ण एक मिनिट छातीची हालचाल, म्हणजे श्वास, मोजा आणि आकडा वेळेसह लिहून ठेवा. काल २८ आणि आज २२ असेल, दोन घास जास्त गेले असतील, तर ताप थोडा असला तरी गाडी रुळावर आहे. एक्स-रेवरचा डाग जायला कित्येक आठवडे लागू शकतात, तेव्हा त्यावरून घाबरू नका.

७२ तासांनंतरही फरक नसेल तर? लगेच "रेझिस्टन्स आहे", म्हणजे जंतू औषधाला दाद देत नाही, असं धरून चालू नका. आजार विषाणूचा असेल. मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू असेल, पेनिसिलिनच्या कुळातली औषधं जिच्यावर घाव घालतात ती पेशीभोवतीची भिंतच त्याला नसते, म्हणून ती औषधं त्याच्यावर चालतच नाहीत. फुप्फुसाभोवती पू साचला असेल, तर तो काढल्याशिवाय कुठलंही औषध पुरं पडत नाही. टीबीही असू शकतो. डोस चुकले असतील, उलटीत गोळी पडली असेल, तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.

'भारी' म्हणजे चांगलं असं समजणं

न्यूमोकॉकस हा न्यूमोनियाचा नेहमीचा जंतू. तो पेनिसिलिनला दाद देत नाही तेव्हा पेनिसिलिन ज्या प्रथिनाला चिकटतं, त्याचाच आकार त्याने बदललेला असतो. अशा वेळी अमॉक्सिसिलिन या पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधासोबत क्लॅव्ह्युलनेट जोडून त्याच्यापुरता काही फायदा नाही, कारण क्लॅव्ह्युलनेट अडवतं ते एक वेगळं एन्झाइम, आणि ते या जंतूकडे नसतं. साध्या अमॉक्सिसिलिनचा पुरेसा डोस मात्र अनेकदा काम करतो. लिव्होफ्लॉक्सासिनसारखं औषध आंधळेपणाने घेतलं तर त्यात आणखी एक धोका आहे. न्यूमोनिया म्हणून उपचार चालू असलेला आजार टीबी निघाला, तर हे औषध टीबीच्या जंतूंवरही थोडंफार चालत असल्याने काही दिवस बरं वाटतं आणि खरं निदान लांबतं.

अर्धवट सोडणं, उरलेलं वापरणं

१९४५ च्या नोबेल व्याख्यानात पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी एका काल्पनिक माणसाचं उदाहरण दिलं होतं. घसा दुखतो म्हणून तो स्वतःच अपुरं पेनिसिलिन घेतो. त्याच्यातले जंतू मरत नाहीत, ते पेनिसिलिनला तोंड द्यायला शिकतात. तेच बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, औषध चालत नाही आणि ती जाते. ड्रॉवरमधली उरलेली चार गोळ्यांची स्ट्रिप पाहिली की मला ही गोष्ट आठवते.

पण कोर्स लांबवणं म्हणजेही सुरक्षितता नव्हे. साध्या न्यूमोनियात पेशंट स्थिरावला असेल तर बऱ्याचदा पाच दिवस पुरतात. औषध कधी थांबवायचं हे मनाने ठरवू नका, डॉक्टरांना तारीख विचारून घ्या. खोकला त्यानंतरही काही आठवडे राहू शकतो, त्यासाठी पुन्हा अँटिबायोटिक लागत नाही.

आणि ७२ तासांचा हिशोब पेशंट ढासळत असेल तर लागू नाही. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला ३० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त, ओठ निळसर, बोलण्यात गोंधळ, लघवी कमी, यातलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. जाताना सगळ्या स्ट्रिप्स, अगदी रिकाम्याही, सोबत घ्या.