चाकांवरच्या हॉर्सपॉवरवरून क्वार्टर माइलची वेळ कशी काढायची

डायनोचा, म्हणजे चाकांपाशी पोहोचणारी ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद हातात पडला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ शर्यतीच्या पट्टीवर, किती सेकंद? क्वार्टर माइल म्हणजे १,३२० फूट, साधारण ४०२ मीटर. त्याचा अंदाज फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत निघतो. फक्त त्यात घनमूळ काढायची सोय हवी.

आधी वजन. रिकाम्या गाडीचं नाही, स्टार्ट लाइनवर उभ्या असलेल्या गाडीचं; म्हणजे चालक, हेल्मेट, पेट्रोल सगळं धरून. उदाहरणाला अमेरिकेतली २०१८ ची फोर्ड मस्टँग जीटी घेऊ. गाडी साधारण १,६८० किलो, त्यात ८० किलोचा माणूस बसला की १,७६०.

मग हॉर्सपॉवर. कंपनी ४६० सांगते, पण तो आकडा इंजिनाचा. गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल वाटेत आपापला वाटा खातात, आणि चाकांपाशी ३९० च्या आसपास उरतात. हा आकडा डायनोगणिक बदलतो, त्यामुळे गाडीत बदल करण्याआधीची आणि नंतरची मोजणी एकाच डायनोवर करा. (मस्टँग नावाचा डायनोही मिळतो. त्याचा या गाडीशी काही संबंध नाही, आणि तो आकडा जरा हात आखडूनच दाखवतो.)

आता गणित. १,७६० ला ३९० ने भागलं की ४.५१. त्याचं घनमूळ १.६५. याला ७.६ ने गुणलं की वेळ मिळते: साडेबारा सेकंद. आणि २९० ला १.६५ ने भागलं की शेवटच्या रेषेवरचा वेग: ताशी १७६ किलोमीटर. अमेरिकेत हेच सूत्र पौंड आणि मैलांत, ५.८२५ आणि २३४ हे आकडे घेऊन वापरतात, ७.६ आणि २९० हे त्यांचेच किलो-किलोमीटरमधले अवतार.

घनमूळ का, हे एकदा समजून घ्यावं, म्हणजे अपेक्षा जमिनीवर राहतात. ताकद दुप्पट केली तरी शेवटचा वेग सव्वापटच होतो. कारण गाडी जितकी जोरात पळते तितका वेगातला प्रत्येक पुढचा किलोमीटर महाग पडतो, आणि अंतर लवकर संपत असल्याने इंजिनाला काम करायला वेळही कमी मिळतो. चाक घसरलं नाही, हवेने अडवलं नाही, गिअर बदलताना खंड पडला नाही, तर ७.६ च्या जागी ६.२५ आला असता. मधला फरक म्हणजे प्रत्यक्ष रस्ता.

म्हणूनच दुसऱ्याच्या आकड्यावर फार विसंबू नका. एक रन मारा आणि स्लिप, म्हणजे स्ट्रिपवर मिळणारी वेळ-वेगाची चिठ्ठी, घेऊन घरी या. समजा तिच्यावर १२.९ सेकंद आणि १८१ किलोमीटर आहे. वेग अंदाजापेक्षा जास्त, वेळही जास्त. म्हणजे इंजिन ठणठणीत आहे, माती खाल्ली ती सुटताना. वेग ताकदीची साक्ष देतो. वेळ टायरची आणि क्लचवरच्या पायाची. खात्री करायला स्लिपवरचा पहिल्या ६० फुटांचा आकडा बघा. तिथे गेलेला दशांश सेकंद शेवटी साधारण दीड दशांश होऊन अंगावर येतो. हिरवा दिवा लागल्यावर तुम्ही उशिरा सुटलात, याचा मात्र इथे दोष नाही. घड्याळ पुढचं चाक स्टार्ट लाइनवरच्या प्रकाशकिरणातून बाहेर पडल्यावरच चालू होतं. उशिराने शर्यत जाते, वेळ नाही.

आता उलट गणित करा. १२.९ भागिले १.६५ म्हणजे ७.८२, आणि १८१ गुणिले १.६५ म्हणजे २९९. हे तुमच्या गाडीचे, तुमच्या हाताचे आकडे. उद्या चाकांवर ४२० झाले तर घनमूळ १.६१ येईल, वेळ १२.६ आणि वेग १८६. तीस हॉर्सपॉवरचा खर्च करायचा की त्यापेक्षा चांगले टायर घ्यायचे, हे इथेच ठरवता येतं. मी आधी टायर घेईन.

उंचीवरच्या स्ट्रिपवर मात्र एक काम जास्तीचं. डायनोच्या कागदावरचा आकडा बहुधा ठरावीक हवेच्या हिशोबाने दुरुस्त केलेला असतो; स्ट्रिपवरची हवा तशी असेलच असं नाही. अमेरिकेत डेन्व्हरजवळच्या बँडिमिअर स्पीडवेवर २०२३ पर्यंत सुमारे ५,८०० फूट उंचीवर शर्यती व्हायच्या. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीची धावपट्टीही डोंगरावरच आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाच्या हॉर्सपॉवरमधून दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के वजा करा आणि मग भागाकाराला बसा.