ट्रान्सवेल लावताना तिसरा वेल टाळू नका

टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) केमोकाइनच्या, म्हणजे पेशींना बोलावणाऱ्या प्रथिनांच्या, वासावर खरंच जातात का, हे बघायला मी अजूनही ट्रान्सवेलच लावते. बॉयडन यांच्या १९६२च्या चेंबरचंच हे रूप: खाली केमोकाइन, वर पेशी, मध्ये सच्छिद्र पडदा. या पडद्याचा तळ असलेला वरचा छोटा कप म्हणजे इन्सर्ट, तो प्लेटमधल्या खळग्यात, म्हणजे वेलमध्ये, बसतो. सुरुवात सीएक्ससीएल-१२ हे केमोकाइन आणि त्याचा रिसेप्टर (पेशीवरचं, ते ओळखणारं प्रथिन) सीएक्ससीआर-४ या जोडीने करा.

लिम्फोसाइटसाठी (टी-पेशी याच गटातल्या) ५ मायक्रॉनची छिद्रं घ्या. ८ची घेतलीत तर पेशी नुसत्याच गळतात. मीडियम म्हणजे आरपीएमआय हा पेशी वाढवायचा द्राव आणि ०.५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन). सीरम नको, त्यातही पेशींना हलवणारे रेणू असतात. आधी फ्लो सायटोमीटरवर (पेशींवरची प्रथिनं मोजणारं यंत्र) सीएक्ससीआर-४ बघून घ्या. पृष्ठभागावर रिसेप्टरच नसेल तर पुढची मेहनत फुकट.

२४ वेलच्या प्लेटमध्ये खाली ६०० मायक्रोलिटर, केमोकाइन १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. इन्सर्ट चिमट्याने तिरका धरून हळूच सोडा. सरळ ठेवलात की पडद्याखाली बुडबुडा अडकतो आणि तेवढा भाग बाद. प्लेट उचलून खालून बघाच. वर १०० मायक्रोलिटरमध्ये ५ लाख पेशी, ३७ अंशांवर दोन-तीन तास. रात्रभर ठेवू नका, वर-खालचा फरक पुसला जातो.

आता कंट्रोल, म्हणजे तुलनेचे वेल. पहिल्या वेलमध्ये नुसतं मीडियम, दुसऱ्यात केमोकाइन फक्त खाली, तिसऱ्यात वर-खाली सारखंच. हा तिसरा वेल नवे विद्यार्थी हमखास गाळतात, आणि मग खाली पेशी दिसल्या की ‘दिशा कळली’ म्हणून मोकळे! तिसऱ्यातही तितक्याच उतरल्या असतील तर पेशी फक्त जास्त वळवळल्या, दिशा कुठली? झिगमंड आणि हिर्श यांची १९७३ची चेकरबोर्ड पद्धत (वर-खाली वेगवेगळ्या डोसच्या जोड्या लावून बघणं) याचसाठी आहे. मात्र हा वेल फार चढ्या डोसवर लावू नका: रिसेप्टर पेशीच्या आत ओढले जातात, हालचालच मंदावते, तिसऱ्यात पेशी कमी उतरतात आणि निकाल उगाच छान दिसतो. म्हणून आधी १० ते १००० नॅनोग्रॅमपर्यंत डोस लावून घ्या. आलेख घंटेसारखा चढून उतरतो. चढणीवरचा डोस निवडा.

रिसेप्टर हाच का, हे प्लेरिक्साफोर या सीएक्ससीआर-४ रोखणाऱ्या औषधाने अडवून तपासा. पर्टुसिस टॉक्सिननेही (डांग्या खोकल्याच्या जीवाणूचं विष) पेशी थांबल्या तर रिसेप्टरचा संदेश पेशीच्या आत जीआय प्रथिनामार्फत जातोय, कारण हे विष तेच प्रथिन बंद पाडतं.

मोजण्याआधी इन्सर्टची कड वेलला हलकेच टेकवून झटका; काही पेशी पडद्याच्या खालच्या बाजूला चिकटून राहतात. वर घातलेल्या पेशींचा दहावा हिस्सा एका वेलमध्ये थेट टाकून ठेवा, टक्केवारी त्यावरूनच काढायची.