डेंग्यूनंतर पुन्हा पळायला लागताना

डेंग्यूचा ताप आठवड्याभरात उतरतो, अशक्तपणा मात्र पुढचे कित्येक आठवडे पाठ सोडत नाही. जिना चढताना पाय थरथरतात, झोप तुटक लागते, तोंडाला चव नसते, बारीकसारीक गोष्टींवरून चिडचिड होते. अशा वेळी सकाळचं हळू पळणं फार उपयोगी पडतं. पण फायदे बहुधा या क्रमाने दिसतात: आधी झोप सुधारते, मग भूक, मग मन थाऱ्यावर येतं आणि वेग सगळ्यात शेवटी. घड्याळावर वेग बघत पळणारे नेमके इथेच फसतात.

सुरुवातीची घाई नको. औषधाशिवाय ताप जाऊन किमान २ आठवडे झालेले असावेत. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीत, प्लेटलेट दीड लाखाच्या वर हव्यात, कारण त्या कमी असताना ठेच लागून पडलात तर रक्तस्राव लवकर थांबत नाही. आजारात एसजीपीटी (यकृताला त्रास झाला की रक्तात वाढणारं द्रव्य) वाढलं असेल तर तेही पुन्हा तपासून घ्या. छातीत दुखत असेल, धडधडत असेल किंवा साध्या चालण्याने दम लागत असेल तर आधी डॉक्टर आणि ईसीजी. डेंग्यूत क्वचित हृदयाच्या स्नायूंना सूज येते आणि त्या अवस्थेत पळणं जिवावर बेतू शकतं.

रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधी नाडी मोजा. अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटावर दोन बोटं ठेवून ३० सेकंद ठोके मोजायचे आणि दुप्पट करायचे. पाच सकाळींची सरासरी काढा. एखाद्या दिवशी नाडी तिच्यापेक्षा ८-१० ठोक्यांनी जास्त आली तर त्या दिवशी फक्त चाला. एक गोष्ट इथे चकवते: डेंग्यूनंतर काही जणांची नाडी थोडे दिवस नेहमीपेक्षा संथ असते. म्हणजे फिटनेस वाढला असं नव्हे. त्यासोबत चक्कर येत असेल तर दाखवून घ्या.

आठवड्यातून ३ दिवस, एक दिवसाआड, सपाट मैदानावर:

पहिला आठवडा: २० मिनिटं चालणं.
दुसरा: ३० मिनिटं भरभर चालणं.
तिसरा: १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं, असं ६ वेळा.
चौथा: २ मिनिटं पळणं, २ चालणं, ६ वेळा.
पाचवा: ३ मिनिटं पळणं, १ चालणं, ६ वेळा.
सहावा: ५ मिनिटं पळणं, १ चालणं, ४ वेळा.
सातवा: सलग २० मिनिटं.

तिसऱ्या आठवड्यापासून आधी आणि नंतर ५ मिनिटं चालणं धरायचंच. पळता पळता बाराचा पाढा मोठ्याने म्हणून बघा. मध्येच तुटला तर वेग जास्त आहे. त्या दिवशी बरं वाटलं यावर जाऊ नका, खरा निकाल दुसऱ्या दिवशी दुपारी लागतो. तेव्हा अंग गळून गेलं तर तोच आठवडा पुन्हा करा.

सगळ्यात जास्त घोटाळा चौथ्या-पाचव्या आठवड्यात होतो. दम लागेनासा होतो, हुरूप येतो आणि माणूस एकदम अंतर वाढवतो. हृदय आणि रक्ताभिसरण काही आठवड्यांत सावरतं, पण अंथरुणावर पडून ढिले झालेले स्नायू, स्नायुबंध आणि हाडांना जास्त वेळ लागतो. मग नडगी किंवा टाच दुखायला लागते. नडगीच्या हाडावर बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ आली तर पळणं थांबवा. वेदनाशामक गोळी घेऊन पळणं तर नकोच.

निघण्याआधी एक केळं किंवा २-३ खजूर आणि पेलाभर पाणी. परतल्यावर तासाभरात अंडी, मुगाचं धिरडं किंवा भरपूर शेंगदाणे घातलेले पोहे. दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळू लागले तर पळण्याला दोष देऊ नका. मोठ्या तापानंतर असं होतं आणि बहुतेकांचे केस परत येतात.

डासांचं मात्र विसरू नका. डेंग्यूचा डास सूर्योदयानंतरच्या दोन-तीन तासांत जोमाने चावतो, म्हणजे आपल्या पळण्याच्याच वेळी. डेंग्यूच्या विषाणूचे ४ प्रकार आहेत आणि एकदा डेंग्यू होऊन गेल्यावर त्यातल्या वेगळ्या प्रकाराचा संसर्ग झाला तर तो जास्त गंभीर होऊ शकतो. पूर्ण पायांची फिकट रंगाची पँट, घोट्यावर येणारे मोजे आणि उघड्या अंगावर डास पळवणारं क्रीम. घामाने ते उतरतं, त्यामुळे पळून झाल्यावर मैदानात रेंगाळू नका.

मनासाठी पळण्याइतकाच उजेडही कामाचा. सकाळचं ऊन डोळ्यांना जाणवलं की शरीराचं घड्याळ जागेवर येतं आणि रात्री वेळेवर झोप लागते. वहीत रोज तीन आकडे लिहा: नाडी, झोपेचे तास, पाचपैकी मन किती बरं. ज्या दिवशी काहीच जमत नाही असं वाटतं, त्या दिवशी मागची पानं उलटली की सुधारणा डोळ्यांनी दिसते आणि आजाराने हिरावलेला विश्वास तिथून परत येतो. मात्र दोन आठवडे कशातच रस वाटेनासा झाला तर नुसत्या पळण्यावर विसंबू नका, डॉक्टरांशी बोला.

ऑक्टोबरात आजारी पडलेल्यांनी जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला नाव घातलं असेल तर पूर्ण आणि अर्ध, दोन्ही अंतरं यंदा सोडा. डिसेंबरअखेर जेमतेम सलग २० मिनिटं होतील. तिथून पुढे आठवड्यातल्या एकाच दिवशी ५-५ मिनिटं वाढवा, बाकीचे दोन दिवस तसेच ठेवा.